गळ्यातली सवत आणि नळदुर्गचं पाणी

ईटला आमच्या घरामागं खव्याची भट्टी होती. उजाडायच्या आत तिच्यात जाळ पडायचा आणि मग दुपारपर्यंत कढईच्या तळाला उलथनं घासल्याचा खरखर आवाज चालू राहायचा. वडील दूध आटवत, आई जाळ सारत, आम्ही बहिणी भांडी घासत, आणि सगळे एकाच वेळी बोलत. कुणी कुणाचं ऐकायचं नाही, पण बोलायचं सगळ्यांनी. त्या गलक्यात मी लहानाची मोठी झाले, त्यामुळं मुकं घर मला सोसत नाही. आताही घरात कुणी नसलं की मी रेडिओ लावून ठेवते आणि आपली कामं करत बसते. सून येऊन तो बंद करते, मी पुन्हा लावते. आमच्या दोघींत भांडण असं काय ते तेवढंच आहे.

आणि दिली कुठं मला, तर माकणीला, अशा घरात जिथं तोंड उघडायचं ते जेवायला. घरात तीन माणसं. माझे मालक धरणाच्या कालव्यावर पाटकरी होते, म्हणजे कुणाच्या रानाला कधी पाणी सोडायचं ते बघणारे, सासू, त्यांना आमच्याकडच्या रीतीप्रमाणं मी आत्या म्हणायची, आणि मी. मालक बिजवर होते. पहिली बायको कावीळ होऊन गेली होती. माझ्या पाठच्या दोघी उजवायच्या राहिल्या होत्या, मी रंगानं सावळी आणि जिभेनं फटकळ, तेव्हा वडिलांनी फार चिकित्सा केली नाही. "नोकरदार हाय, सुपारीचं खांडबी खात न्हाय, बिजवर असला म्हणून काय झालं?" असं ते सगळ्यांना सांगत सुटले. आई मात्र माझी वेणी घालताना हळूच म्हणाली, "सवत जिती न्हाय म्हणून नांदत न्हाय असं नसतं बाई. सांभाळून ऱ्हा." मला तेव्हा हसू आलं होतं. मेलेलीला काय सांभाळायचं?

ते कळलं लग्नाच्या दिवशीच. मंगळसूत्राच्या आधी मला देवासमोर पाटावर बसवलं आणि आत्यांनी काळ्या दोऱ्यात ओवलेला एक टाक माझ्या गळ्यात घातला. टाक म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा सोन्याचा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. दोन ठिपक्यांचे डोळे, एक आडवी रेघ तोंडाची, खाली लुगड्याच्या चुण्या. ती माझी सवत, पारू. आमच्या भागात पहिली बायको वारलेली असली की दुसरीनं तिला असं गळ्यात वागवायचं असतं. पहिलीचा जीव घरात घुटमळत असतो, तिला मान नाही दिला तर ती दुसरीला सुखानं नांदू देत नाही, असं मानतात. म्हणून नवं लुगडं आधी तिच्या अंगाला लावायचं आणि मग नेसायचं. जेवताना पहिला घास तिच्या नावानं ताटाबाहेर काढायचा. टाक अंघोळीलासुद्धा उतरवायचा नाही. आधी ती, मग मी. आत्यांनी हे सगळं मला एकदाच सांगितलं, दुसऱ्यांदा सांगायची वेळ येऊ नये अशा आवाजात.

पारू दिसायला कशी होती ते मला कुणी सांगितलं नाही. तिचा फोटो नव्हता. सोनाराकडं टाकाचा ठसा एकच असतो, कुणाचीही पहिली मेली तरी तोंड तेच उमटतं. घरात तिचं नावही कुणी घेत नसे, पण ती नाही असं एक क्षणभर वाटत नसे. दूध उतू गेलं की आत्या चुलीकडं न बघता माझ्या गळ्याकडं बघत. माझ्या हातचे हुलग्याचे शेंगोळे एकदा फुटले, सगळं माडगं झालं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तिचं फुटत नव्हतं." जात्याचा खुंटा तिच्या हातानं गुळगुळीत झालेला. चुलीपुढचा पाट तिच्या बसण्यानं एका बाजूला झिजलेला, त्यावर बसलं की माझा तोल आपोआप त्याच बाजूला जायचा. भाकरी थापायला वाकले की टाक पुढं लोंबायचा आणि परातीच्या कडेवर टिक वाजायचा, प्रत्येक भाकरीला एकदा. त्या मुक्या घरात दिवसभर माझ्याशी बोलणारा तेवढाच आवाज होता. पुढं पुढं मीही त्याला उत्तर द्यायला लागले. "व्हय बाई, जाड झाली, माहीत हाय मला," असं काहीबाही. आत्या दारात उभ्या असल्या तर गप्प बसायची.

मालक वाईट नव्हते, हे आधीच सांगते, नाहीतर वाचणाऱ्याचा भलताच समज व्हायचा. त्यांनी कधी हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. पण माझ्याकडं ते बघायचे म्हणजे त्यांची नजर हनुवटीखालीच थांबायची. मी जेवण वाढायला वाकले की टाकाकडं बघायचे आणि मग ताटाकडं. मी एकोणीस वर्षांची होते. मला वाटायचं, या माणसानं एकदा, फक्त एकदा, चार बोटं वर बघावं. माझ्या नाकात चमकी आहे, माझ्या भुवईत लहानपणी पडल्याची खूण आहे, हे त्याला ठाऊक व्हावं. बाकी मला त्या घरात काही कमी नव्हतं आणि दुसरं काही मागायचंही नव्हतं.

श्रावण संपत आला होता. मूग काढून झाले होते. एका संध्याकाळी पाय धुऊन आत येता येता हे म्हणाले, "उद्या नळदुर्गला जाऊ. नर-मादी सुरू झालीत म्हनं."

चुलीपुढं मी आणि दारात आत्या, दोघी थबकलो. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीचं पाणी अडवून मोठी दगडी भिंत घातलेली आहे. पाऊस चांगला झाला की भिंतीवरून दोन धबधबे पडतात, त्यातल्या एकाला नर म्हणतात, दुसऱ्याला मादी. ते बघायला लांबलांबून जोडपी येतात हे मी माहेरी ऐकलं होतं. पण आमच्या घरातून कुणी नुसतं बघायला म्हणून कुठं गेल्याचं मला ठाऊक नव्हतं. तुळजापूरला सुद्धा आम्ही लग्नानंतर गेलो ते दर्शन घेतलं आणि पहिल्या गाडीनं परत आलो. मला इतका आनंद झाला की तव्यावरची भाकरी करपली. 

सकाळी मी धपाटे थापले, तीळ लावून, आणि दह्याची लोटकी फडक्यात बांधली. लग्नातलं हिरवं लुगडं काढलं, आधी तिला लावलं, मग नेसले. निघताना आत्यांनी मला उंबऱ्यात थांबवून पदर बाजूला केला आणि टाक वर काढून ठेवला. "समदं तिला दाव," त्या म्हणाल्या. "आधी तिला, मंग तू बघ. जेवतानी इसरू नकोस." मी मान हलवली. त्या दिवशी मी कशालाही मान हलवली असती.

लोहाऱ्याला गाडी बदलली. यांनी मला खिडकीशी बसवलं. गाडी हलल्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं, हात पुढं केला आणि माझा पदर थोडा सारला. भरल्या गाडीत या माणसाला हे काय सुचलं म्हणून मी लाजेनं अर्धी झाले. मग लक्षात आलं, टाक पदराखाली गेला होता, तो त्यांनी मोकळा केला. समोरच्या बाकावरची एक बाई हे सगळं बघत होती. तिनं माझ्या गळ्याकडं निरखून पाहिलं, माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "पयली कशानं गेली गं?" टाक असला की हे असं असतं. कपाळावर लिहिल्यासारखं कुणालाही वाचता येतं. मी म्हटलं, "काविळीनं." ती च्‌च्‌ करून म्हणाली, "नशीबवान, सवाष्ण गेली." आणि माझा हात सोडून दिला.

किल्ल्याच्या दरवाज्यातून आत गेलो आणि मालक एकदम बोलायलाच लागले. मी हबकले. घरी मीठ मागायचं तरी हातानं खुणावणारा माणूस, तो हातवारे करून सांगत होता की ही भिंत बघ, दगडाला दगड कसा बसवलाय, ही तोफ बघ, हा उपळी बुरूज, हितनं सगळा मुलूख दिसतो. बुरुजाच्या पायऱ्या दमछाक करणाऱ्या. वर गेलो तेव्हा वारा असा होता की पदर आवरेना. खाली हिरवं रान, नदीचं वळण, गढूळ पाण्याचा मोठा विस्तार, आणि कुठूनतरी सतत येणारी घूं अशी घरघर. "ऐकू येऊलालंय का? ते पाणीच हाय," ते म्हणाले. "आपलं धरण मुकं हाय. दार उघडलं तरी पाणी गुपचूप जातंय. ह्ये बघ कसं बोलतंय." मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. या माणसात एवढे शब्द होते तर! माझ्यासाठी साठवून ठेवले होते, असं मला वाटलं. त्या बुरुजावर मी जितकी सुखी होते तितकी आधी नव्हते आणि नंतरही फार वेळा झाले नाही.

आता तिथं तिकीट लागतं. बाग केली आहे, पोरं पाण्याकडं पाठ करून उभी राहतात आणि फोटो काढतात. गेल्या पावसाळ्यात लेकानं मला नेलं होतं. पायऱ्या मला झेपल्या नाहीत, मी खालीच एका कट्ट्यावर बसून राहिले. घरघर तेवढी तीच होती.

बुरूज उतरून आम्ही पाण्याच्या कडेकडेनं भिंतीपर्यंत आलो. वाटेत पेरू विकणाऱ्या बाया, भिजलेली पोरं, हातात हात घेतलेली शहरातली जोडपी. भिंतीच्या पोटातच पाणीमहाल आहे. पायऱ्या उतरून आत गेलं की अंधाऱ्या अरुंद खोल्या आणि पुढं खिडक्या. वरून पाणी कोसळतं, खिडकीपुढं त्याचा पडदा होतो, आणि आत थेंब येत नाही. आवाज मात्र असा की छातीत दगड हलल्यासारखं वाटतं. आम्ही दोघं एका खिडकीशी उभे राहिलो. ऊन पाण्यातून गाळून आत आलं होतं, ह्यांचा चेहरा त्यात हिरवट दिसत होता. त्यांनी माझ्या गळ्यातला टाक दोन बोटांत धरला, खिडकीकडं वळवला, आणि वाकून, त्या आवाजावर आवाज काढून म्हणाले, "बघ पारू. आणलं का न्हाय तुला? बघ आता पोटभर."

मी स्पष्ट ऐकलं. सकाळपासूनचं सगळं तिथल्या तिथं उलगडलं. ही भिंत बघ, ही तोफ बघ, हे बघ कसं बोलतंय. ते सगळं चार बोटं खाली चाललं होतं. मी त्यांचा हात बाजूला केला आणि पायऱ्या चढून उजेडात आले. ते मागोमाग आले. भिंतीच्या टोकाला एक लिंबाचं झाड होतं, तिथं मी बसले आणि विचारलं, "कुनाला आणलंय तुमी इथं?"

त्यांना लपवायचं असं काही नव्हतंच. ते माझ्यापुढं उकिडवे बसून सांगायला लागले. पारूला हे पाणी बघायचं होतं. लग्नाच्या पहिल्या पावसात तिनं मागितलं, हे म्हणाले पुढच्या साली जाऊ. दुसऱ्या पावसात कालव्याचं काम निघालं. तिसऱ्या पावसात ती अंथरुणाला खिळली, डोळे हळदीसारखे झाले, आणि शेवटच्या दिवसांत शुद्धीवर आली की एकच विचारायची, "नळदुर्गला पाणी पडूलालंय का?" हे म्हणायचे, "पडूलालंय. तू उठ, जाऊ." ती उठली नाही. पुढची दोन वर्षं पाऊस कमी, भिंतीवरून पाणी गेलंच नाही. ह्या साली गेलं. "म्हणून आणलं," ते म्हणाले. "शबूद दिला होता."

"मंग खिशात घालून आणायचं होतं तिला. मला कशाला आणलं?"

ते खरोखर गोंधळले. मला त्यांचा तो चेहरा अजून दिसतो. त्यात लबाडी नव्हती, म्हणूनच जास्त लागलं. "खिशातनं कसं दिसंल तिला?" ते म्हणाले.

मी रडले नाही. मला संताप आला की रडू येत नाही, हा माझ्या वडिलांकडचा गुण आहे. मी दोरा डोक्यावरून काढला. लग्नापासून तो पहिल्यांदा उतरत होता. आणि पुढं होऊन तो त्यांच्या टोपीवरून खाली ओढून त्यांच्या गळ्यात घातला. पांढऱ्या सदऱ्यावर काळा दोरा आणि मधे पारू.

"घ्या तुमची बायको. तिला काय दावायचं ते दावा. म्या माझं बघून येते."

"अगं, गडीमानसाच्या गळ्यात... लोक बघतील."

"बघू द्या. माझ्याबी गळ्यात बघत्यात."

मी मागं न बघता पुन्हा पाणीमहालात उतरले. मान मोकळी होती, गार लागत होती. मला वाटलं होतं हलकं वाटेल, आणि वाटलंही. मी त्याच खिडकीशी जाऊन उभी राहिले आणि हट्टानं पाणी बघायला लागले, माझ्या डोळ्यांनी, माझ्यासाठी. पाण्यात मला कुणी बाई दिसली, कुणी हाक मारली, असलं काही मी सांगणार नाही, कारण तसं झालं नाही. झालं ते एवढंच. बऱ्याच वेळानं माझ्या ध्यानात आलं की मी खिडकीच्या एका कडेला अंग चोरून उभी आहे. खिडकी चांगली दोघींना पुरेल एवढी, आणि अर्धी मी मोकळी सोडली होती. मागं एक म्हातारी येऊन थांबली होती. मी तिला म्हटलं, "या की मावशी, जागा हाय." ती हात हलवून म्हणाली, "असू दे बाई. दोघींचं होऊ द्या बघून, मंग येते."

मी वळून बघितलं. माझ्या बाजूला कुणी नव्हतं, मागं त्या म्हातारीशिवाय कुणी नव्हतं. तिला कमी दिसत असेल. अंधारात उजेडाची तिरीप पडली की माणसाची दोन माणसं होतात. मी तेव्हाही मनाला हेच सांगितलं आणि पन्नाशी उलटल्यावरही हेच सांगते. पण माझ्या डाव्या दंडावर काटा उभा राहिला, फक्त डाव्या, मोकळ्या जागेच्या बाजूच्या. आणि भीतीच्या मागोमाग जे वाटलं त्याची मला अपेक्षा नव्हती. मला तिची कणव आली. ती गेली तेव्हा तिचं वय माझ्याएवढंच असणार. तीन पावसाळे मागून जे मिळालं नाही ते बघायला तिला दुसरीच्या मानेवर बसून यावं लागलं, आणि त्या दुसरीनंही तिला अर्ध्यातून उतरवून ठेवलं.

वर आले तेव्हा हे भिंतीच्या कठड्याशी उभे होते. टोपी काढून काखेत धरलेली, टाक मुठीत. डोळे लाल झाले होते. येणारीजाणारी माणसं बघत होती, पण यांना त्यांचं भान नव्हतं. मला बघून त्यांनी दोरा गळ्यातून काढला आणि हात कठड्याबाहेर, खालच्या फेसाळ पाण्यावर धरला. "बोललो तसं दावलं तिला," ते म्हणाले. "तुला जड होत असंल तर हितंच सोडून देतो. मायला म्या सांगतो, पडला म्हणून." आणि ते माझ्याकडं बघून थांबले. माझ्या तोंडाकडं.

आता सांगताना हे सोपं वाटतं. तिथं उभं राहून ते सोपं नव्हतं. मी नुसतं "सोडा" म्हटलं असतं तर बोटं उघडली असती. तो माणूस माझं ऐकायला थांबला होता, तिचं नव्हे. मला मुक्ती हवीच होती. पण मी त्या खिडकीशी उभी राहून आले होते. मला कळलं होतं की दोरा काढल्यानं ती जात नाही. इथं पाण्यात सोडली तर ती इथली होईल. दर श्रावणात भिंतीवरून पाणी पडायला लागलं की हा माणूस कामधंदा सोडून इथं येऊन उभा राहील, एकटा, आणि मी माकणीला चुलीपुढं बसून त्याची वाट बघेन. गळ्यात असली म्हणजे निदान कुठं आहे ते ठाऊक असतं.

"द्या हिकडं," मी म्हटलं. "वागवते म्या तिला. पर एक सांगते. आजपासून आधी म्या. मंग ती."

त्यांच्या घरात, त्यांच्या आईच्या राज्यात, हे बोलणं म्हणजे काय होतं ते मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. पारूला राग येईल, घराला त्रास होईल, पाळणा हलायचा नाही, हे सगळं त्यांच्या तोंडावर सरसर येऊन गेलं. मग ते म्हणाले, "बरं." आणि दोरा स्वतःच्या हातांनी माझ्या गळ्यात घातला. घालताना त्यांची बोटं माझ्या भुवईवरच्या खुणेला लागली. "ह्ये काय झालं होतं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, भट्टीच्या ओट्यावरून पडले होते. ते "हं" म्हणाले. एवढंच, पण विचारलं.

लिंबाखाली बसून आम्ही धपाटे सोडले. पहिला तुकडा मी मोडला, दह्यात बुडवला आणि तोंडात घातला. आयुष्यात इतकं घाबरून मी काही खाल्लेलं नाही. हे माझ्याकडं बघत होते, हातातला तुकडा तसाच धरून. मी चावला, गिळला, पाणी प्यायले. मग दुसरा घास काढून गवतावर ठेवला. "घे बाई," मी मनात म्हटलं, "राग मानू नकोस. जितीला भूक आधी लागती." मग यांनी खाल्लं. पाणी पडतच होतं. काही झालं नाही, आणि काही झालं असतं तरी मी मागं फिरले असते असं मला वाटत नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आत्या उंबऱ्यातच बसल्या होत्या, तांदूळ निवडायचं निमित्त करून. त्यांनी आधी माझा गळा बघितला. टाक जागेवर होता.

"समदं दावलं का तिला?"

"दावलं," मी म्हटलं.

"आन् जेवतानी? घास काढला का तिचा, आधी?"

मी फटकळ खरी, पण आत्यांच्या डोळ्याला डोळा देऊन खोटं बोलायची माझी छाती नव्हती, आणि खरं बोलायची तर त्याहून नव्हती. हे अंगणात पाय धूत होते. आईशी हा माणूस जन्मात खोटं बोललेला नव्हता, हे आत्या गावभर अभिमानानं सांगत. यांनी तांब्या खाली ठेवला, मान वर केली आणि सरळ आईकडं बघून म्हणाले, "काढला की माय. आधी तिचाच काढला. म्या बघितला."

आत्यांनी मान डोलवली आणि सूप उचलून आत गेल्या. मी तिथंच उभी राहिले. लग्न होऊन इतके महिने झाले होते, पण त्या घरात निव्वळ माझ्यासाठी म्हणून कुणी काही केलं ते त्या क्षणी पहिल्यांदा. आत्या जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, हेही नाहीत. ते खोटं तेव्हा आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. यांनी ते मरेपर्यंत सांभाळलं, मी आज लिहून मोकळी होते आहे. आणि पारूनं, जिला तक्रारीचा सगळ्यात जास्त हक्क होता, तिनं त्याबद्दल कधी कुणाला काही कळू दिलं नाही.